गर्जनेने की सोबतीने

मिरकाब, कुवेत
कार्तिक वद्य, नोव्हेंबर १९९८

प्रिय ठकूताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र नियमाबाहेरचे आहे. शास्त्रीबुवा असते तर त्यांनी ते न उघडताच परत केले असते, आणि तूही तसेच करशील अशी भीती मला आहे. तरी लिहिते.

गेल्या आठवड्यात आमच्या रुग्णालयात तपासणीसाठी सुदेश नावाचा एक गृहस्थ आला. महबूल्याला राहतो, एसी दुरुस्तीचे काम करतो, गाव सावंतवाडीजवळचे. मी रक्तदाब पाहत होते आणि तो माझ्या टेबलावरची नावाची पाटी पुन्हा पुन्हा वाचत होता. मग म्हणाला, "बाईनू, तुम्ही त्याच काय? आमच्या ठकूबाय टीचर सांगतत, कुवेतची डॉक्टरीण जिवंत आसा, पण उत्तराची चोर झाली." त्याची बायको तुझ्या हाताखाली वनस्पतिशास्त्र शिकली म्हणे. रक्तदाब त्याचा उत्तम होता. माझा मोजायला हवा होता.

उत्तराची चोर! ठकूताई, आठ वर्षे मी असे मानून चालले आहे की उत्तर तुझ्याकडे थकले आहे.

आठवते का, शास्त्रीबुवांच्या पडवीत आपण दोघीच मुली. वादसभेची रीत त्यांनी आपल्याला पहिल्या दिवशी घालून दिली: एक प्रश्न, त्याचे एक उत्तर, आणि उत्तर आल्यावाचून दुसरा प्रश्न नाही. पुढे तू कॉलेजात वनस्पती शिकवू लागलीस, मी तुझ्याच वर्गात पहिले वर्ष काढून वैद्यकीला गेले, आणि गेल्या शतकातल्या इंग्रज डॉक्टरांची व निसर्गाच्या अभ्यासकांची पत्रे आपण वाचनालयात बसून वाचली. महिनोन्‌महिने चालणाऱ्या बोटींतून ते एकमेकांना वाळलेली पाने, भुंगे आणि शंका धाडीत. तूच म्हणालीस, "प्रभे, यांच्या पत्रांना बुवांची शिस्त लावू या." तेव्हापासून प्रत्येक पाकिटात एक नमुना, एक निरीक्षण, एक प्रश्न. आणि जिच्यावर उत्तराची पाळी, तिच्याखेरीज दुसरीने लेखणी उचलायची नाही. माझ्या लग्नाची बातमी तुला वर्षभराने कळली, कारण तुझ्या शेवाळाच्या प्रश्नाचे उत्तर मला सापडत नव्हते. तू त्यावर लिहिलेस: "शेवाळाबद्दल आभार. नवरा कोणत्या कुळातला?"

माझे शेवटचे पत्र नव्वद सालच्या जुलैचे. पुढच्याच महिन्यात इथे सैन्य शिरले आणि टपाल बंद पडले. त्या पाकिटात मी वाळवंटातल्या कंदाची वाळलेली चकती ठेवली होती. इथले लोक त्याला फगा म्हणतात; वाळूखाली वाढणारे भूछत्रच ते, दिसायला बटाट्यासारखे. वाळवंटातले भटके बदू सांगतात, शरदात ढग गरजले की तो जमिनीत धरतो. आपले जुने कवीही सांगतात की मेघगर्जनेने धरणी भूछत्रे प्रसवते. माझा प्रश्न असा होता: इतक्या दूरच्या दोन लोकांनी एकच चूक केली असेल, की गर्जनेत खरोखर काही आहे?

टपाल पुन्हा सुरू झाले, तुझे उत्तर आले नाही. मी म्हटले, ठकूताई अजून शोधते आहे. तुझा हा स्वभाव मला ठाऊक. अर्धे उत्तर तू कधी दिले नाहीस. आता वाटते, तू उत्तर धाडले होतेस, त्यासोबत तुझा प्रश्नही, आणि ते पाकीट युद्धात कुठेतरी गेले. तसे असेल तर तू माझी वाट पाहत राहिलीस आणि मी तुझी. तुझा प्रश्न मला माहीत नाही. तो कळव, एवढेच मागते.

इथे सारे ठीक. रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावते. एकादश्या सुटत नाहीत.

तुझी,
प्रभा

•

मिरकाब
पौष, जानेवारी १९९९

प्रिय ठकूताई,

पत्र पोचले. अक्षर तुझे नव्हते, म्हणून पाकीट उभ्याउभ्याच फाडले. आत "ठकूआत्या सांगते तसे लिहिते" असे वाचले आणि बसकण मारली.

तुझा मजकूर मी इतक्या वेळा वाचला आहे की पाठ झाला: "जिवंत आहेस हे त्र्याण्णव सालीच कळले होते. बरे वाटले, मग राग आला. तुझ्या प्रश्नाचे उत्तर मी लगेच धाडले होते. गर्जनेने नव्हे, सोबतीने. गर्जना पावसासोबत येते म्हणून लोक तिला श्रेय देतात. हा कंद एकटा जगत नाही. कोणत्या तरी रोपाच्या मुळाशी त्याचा संसार असतो. तुमच्याकडे ते रोप कोणते, हा माझा प्रश्न होता. तोच आहे."

बस. ना कुशल, ना आशीर्वाद. शास्त्रीबुवा प्रसन्न झाले असते.

स्वप्ना, हे तूच वाचून दाखवीत असशील. पत्राच्या तळाशी तू आत्याच्या नकळत जी ओळ लिहिलीस ती मी इथे उघड करते, रागावू नकोस. ठकूताई, काचबिंदूने तुझा एक डोळा गेला आणि दुसऱ्याला आता फक्त उजेड कळतो, हे मला भाचीच्या चोरट्या ओळीतून कळावे? जिने आम्हाला शेवाळाच्या सात जाती नुसत्या डोळ्यांनी ओळखायला शिकवल्या, तिने हे लपवावे?

माझ्यासोबत रबिया नावाची परिचारिका काम करते, रत्नागिरीकडची. तिला मी हे सांगितले. ती म्हणाली, "मॅडम, आमच्यात तर फगाचं पाणीच डोळ्यांचं औषध मानतात. माझ्या आजीनं ऐकूनच विश्वास ठेवलेला, बघितला नव्हता कधी. तुम्ही पाठवा की." मी डॉक्टरी सुरात तिला समजावले की काचबिंदूत आतला दाब वाढून मज्जातंतू मरतो, त्यावर कोणताही रस चालत नाही. तिने हातातल्या पट्ट्या गुंडाळून ठेवल्या. मग म्हणाली, "चालत नाही ते ठीक. पण पाठवायला काय जातं?"

तुझ्या प्रश्नाचे उत्तर मिळवणे सोपे नाही. फगा बाजारात मिळतो, टोपल्यांतून, धुऊन पुसून, रोपापासून तोडलेला. विकणारा हसून म्हणतो, "वाळूतून येतो, दक्तोरा, अजून कुठून?" ज्या वाळूतून येतो तिथे युद्धाने पेरलेले सुरुंग अजून पुरते निघालेले नाहीत. कंद शोधायला गेलेली माणसे मी आमच्या रुग्णालयात स्ट्रेचरवर पाहिली आहेत. त्यामुळे साफ केलेला टापू कोणता, हे विचारूनच जावे लागेल. रबियाचा नवरा झहूर वाळवंटातल्या तंबूंना पाणी पोचवणारा टँकर चालवतो. त्याला वाटा ठाऊक आहेत. हंगाम आताच आहे. मी जाणार आहे.

तुझी,
प्रभा

•

मिरकाब
फाल्गुन, मार्च १९९९

प्रिय ठकूताई,

उत्तर नाही. यंदा शरदाचा पाऊसच झाला नाही. झहूरने आम्हाला दोन शुक्रवार फिरवले. वाळू, मेंढ्यांच्या लेंड्या, उडणाऱ्या पिशव्या. "ढगच नाय आले तर कंद कुठून येणार मॅडम," तो म्हणाला, "देवानं यंदा हात आखडला." मग रबियाकडे वळून, "हिच्यासारखा."

उत्तराविना लिहिणे हा आता तिसरा नियमभंग. पण तुझा निरोप सुदेशने सुट्टीवरून येताना आणला, आणि त्याला उत्तर देणे भाग आहे. तो दारात उभा राहून शाळेतल्या मुलासारखा म्हणून गेला: "टीचरनी सांगल्यानी, पत्रात एक नमुना कमी आसा. दोन पत्रां वाचून घेतलंय. दिवा आसा, एकादशी आसा, 'हे' खंय गेले? आणि सांगल्यानी, नियमाच्या आड लपा नको."

डोळे गेले तरी नजर गेली नाही तुझी.

ठकूताई, हे नाहीत. एक्याण्णवच्या जानेवारीत, विमाने शहरावरून जाऊ लागली त्याच आठवड्यात, यांचे हृदय थकले. मी डॉक्टर, आणि माझ्याजवळ द्यायला जे हवे होते ते नव्हते. रुग्णांना सोडून मी जाणार नाही म्हटले, म्हणून हेही राहिले होते. मायदेशी परतणाऱ्यांना अम्मानला नेणाऱ्या बसमध्ये यांची जागा ठरली होती. "तू इथे आणि मी अम्मानच्या तंबूत चहा पीत बसू?" असे म्हणाले आणि पिशवीतले कपडे परत कपाटात लावले.

तेव्हा देह मायदेशी नेता येत नव्हता. इथे अग्नी देण्याची सोय नव्हती. आदल्या संध्याकाळीच मला दोन्ही गोष्टी कळून चुकल्या होत्या: हे जाणार, आणि यांना अग्नी मिळणार नाही. मी देवापुढे बसले आणि बुवांनी शिकवलेले सगळे आठवू लागले. अग्नीवाचून भूमीत कोणाला ठेवतात? तान्ह्या बाळाला आणि संन्याशाला. मरणाच्या दारातल्या माणसाला आतुरसंन्यास घेता येतो असे शास्त्र सांगते. विधीला वेळ नसेल तर नुसता संकल्प वाचेने किंवा मनाने. मी यांच्या उशाशी गेले आणि विचारले. हे हसले. "म्हणजे तुझ्या हातची आमटी सोडली असं म्हणू?" मी म्हटले, हो. त्यांनी म्हटले. मी म्हणत गेले तसे सारे म्हटले, सर्व भूतांना अभय दिले, आणि पहाटे गेले.

शहराबाहेर परधर्मीयांसाठी राखलेल्या जमिनीत यांना ठेवले. मी त्याला समाधी म्हणते. दर शुक्रवारी जाते. तिथे सावली नाही, झाड नाही. वारा दगडाशी वाळू आणून लोटतो आणि मी ती हाताने बाजूला करते.

तेव्हापासून मला एक कोडे सुटलेले नाही. संन्याशाला पूर्वाश्रम नसतो. मग त्याची पत्नी विधवा होते का? मी कुंकू पुसले नाही. लावलेही नाही कित्येक दिवस, मग लावले, मग पुन्हा नाही. इथल्या मंडळातल्या बायका कधी पाहतात, कधी पाहत नाहीत. ज्यांना विचारावे ते बुवा नाहीत. तुला विचारायचे, तर पाळी माझी नव्हती.

हा प्रश्न म्हणून धरू नकोस. तुझा प्रश्न अजून माझ्यावर आहे.

पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी माझी नोकरी संपते, आणि तिच्यासोबत इथला परवानाही. त्यापूर्वी एकच हंगाम उरतो. यंदाच्या शरदात ढग यावेत म्हणून मी रोज एक माळ जास्त जपते. रबियाही तिच्या परीने प्रार्थना करते. इतक्या आर्जवाने पाऊस आम्ही कोकणात कधी मागितला नव्हता.

तुझी,
प्रभा

•

मिरकाब
माघ, फेब्रुवारी २०००

प्रिय ठकूताई,

उत्तर मिळाले.

शरदात दोन दुपारी आभाळ गरजले. पहिल्या गडगडाटाला मी वॉर्डात होते. रबिया रुग्णाच्या हातातली सुई तशीच धरून माझ्याकडे पाहून हसली. मग महिने वाट पाहिली, आणि गेल्या शुक्रवारी झहूरने आम्हाला पश्चिमेकडच्या साफ केलेल्या माळावर नेले. तिथे एका तंबूतल्या वृद्ध बदू बाई आमच्याबरोबर आल्या. त्यांना झहूर 'यम्मा' म्हणत होता, म्हणजे आई. म्हणून मीही म्हटले. माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून त्या काहीतरी बोलल्या. झहूर हसत सुटला. "म्हणतायत, ही माझी मुलगी म्हणजे मी पाळण्यात असताना झाली असणार."

माळ उघडाच दिसत होता. यम्मा चालता चालता थांबल्या आणि काठीने दाखवले: वाळूला बारीक भेग पडून ती किंचित फुगली होती, जसे पोळी फुगताना आधी एका कडेने उचलते. मी भेग पाहत होते. त्यांनी माझी हनुवटी धरून माझे तोंड वळवले आणि भेगेशेजारी पाहायला लावले. तिथे वीतभरही नसलेले एक झुडूप होते. रुगरूग, त्या म्हणाल्या. पाने करडी, अरुंद, मऊ लवेची. फूल पिवळे, पाच पाकळ्यांचे, दुपारपर्यंत गळून जाणारे. त्यांना विचारले, नेहमी हेच? त्या म्हणाल्या (झहूरने समजावले), "रुगरूग नसेल तिथे मी वाकत नाही. माझ्या कमरेला एवढं कळतं."

मी गुडघ्यांवर बसून बोटांनी वाळू काढली. झुडपाची मुळे केसासारखी बारीक. त्यांना जागोजाग पांढरट तंतू बिलगलेले, आणि ते कंदाच्या दिशेने वाळूत पसरत गेलेले. कुठे मूळ संपते आणि कुठे तंतू सुरू होतो ते भिंगाखालीही मला सांगता आले नाही. यम्मांना विचारले, गर्जना कशासाठी मग? त्या म्हणाल्या, "ढग हाक मारतो. पण घरात कोणी असेल तरच दार उघडतं ना?" तेव्हा, ठकूताई, तुझे उत्तर बरोबर. बदूंचेही पुरते चूक नव्हे.

सुदेश परवा सुट्टीवर निघतो. त्याच्याबरोबर डब्यात ताजे कंद, मुळांसकट एक झुडूप, आणि एक वाळवलेले पान पाठवते. एक लहान कुपीही आहे. तिच्यात कंदाचा रस आहे. त्याने काही होणार नाही हे मी डॉक्टर म्हणून लिहून देते, डोळ्यांत तो घालू नये हेही बजावते. रबियाने भरली आणि मी बूच लावले. एवढेच.

कंद खाण्याचे तू ठरव. स्मृतीत भूछत्र वर्ज्य आहे म्हणून इतकी वर्षे इथे राहून मी एकदाही चाखला नाही.

आता पाळी माझी. एकच प्रश्न विचारता येतो, म्हणून पुष्कळ दिवस विचार केला. प्रश्न असा: ते झुडूप वाळून गेले, तर कंद त्याच्यावाचून किती काळ राहतो?

तुझी,
प्रभा

•

सावंतवाडी
चैत्र, एप्रिल २०००

प्रभे,

स्वप्नाच्या हातून लिहिते. ती मधेच रडते, त्यामुळे कुठे शाई पसरली असेल तर तो दोष तिचा.

डबा आला. पान बोटांनी पाहिले: लव आहे, कडा किंचित आत वळलेली. मुळे जिभेच्या टोकाशी धरून पाहिली, बोटांना इतके बारीक कळत नाही. तंतू लागले. उत्तर मान्य. यम्मांना माझा नमस्कार सांग. बाईंची कंबर प्राध्यापक होण्याच्या लायकीची आहे.

कुपी सुदेशच्या पिशवीत सांडली. स्वप्ना हळहळली. मी तो ओला रुमाल उशाशी ठेवला आहे. पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो, पण कोरडा, परदेशी. कंदाची भाजी करायला लावली. स्वप्नाने नाक धरून केली. स्मृतिकारांना हा कंद ठाऊक असता तर त्यांनी तो वर्ज्य केला नसता, लपवून ठेवला असता. मी वाटी पुसून खाल्ली.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर. झुडूप वाळले की कंद सुकतो आणि फुटतो. पण त्याचे बीज, धुळीहून बारीक, वाळूत पडून राहते. वर्षे जातात. मरत नाही. नवे मूळ जवळ आले की जागे होते. हे तुला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे, मीच शिकवले आहे. मग विचारलेस कशाला?

आणि ज्याला तू प्रश्न म्हणू नकोस म्हणालीस, त्याचेही उत्तर घे. बुवांच्या जागी मी बसते. ज्याने तुझ्यासाठी पिशवीतले कपडे परत कपाटात लावले, त्याने काहीही सोडलेले नाही. आमटीसुद्धा नाही. कुंकू लाव.

आता माझी पाळी. नोकरी संपते कधी? परवाना कोणत्या तारखेपर्यंत? विमान मुंबईला की गोव्याला? गोव्याला येत असेल तर सुदेशचा भाऊ गाडी घेऊन येईल, मुंबईला कोण आहे तुझे? गुडघे दुखतात का? माझ्याकडे तीन पायऱ्या आहेत, चढशील? एकटीसाठी रांधतेस, की एकवेळच जेवतेस? केस पुरते पांढरे झाले की कानांशी काळे आहेत? आवाज तोच आहे ना? त्यांच्या जागेची मूठभर वाळू आणता येईल का, आणि आणलीस तर तेरेखोलच्या पाण्यात दोघी मिळून सोडू का? की ती माझ्या अंगणात, प्राजक्ताच्या मुळाशी ठेवू?

स्वप्ना म्हणते, आत्या, प्रश्न एकच असतो. तिला म्हटले, लिहीत राहा.

उत्तरे टपालाने पाठवू नकोस. टपालावर माझा विश्वास नाही. घेऊन ये.

ठकू